आकड्याआधी आकार बघा : ब्रिटनच्या सुरुवातीच्या तिकिटांवरचे शिक्के ओळखायचे कसे

पेनी रेडची दहा तिकिटं टेबलावर मांडून बघा. व्हिक्टोरिया राणीचा तोच चेहरा, तोच विटकरी रंग, तीच एक पेनी किंमत. ही तिकिटं लंडनमधल्या एकाच छापखान्यात छापली गेली आणि इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड सगळीकडे सारखीच विकली गेली. त्यामुळे नुसत्या तिकिटावरून पत्र कुठून निघालं ते कळायला मार्ग नाही. ते कळतं वर मारलेल्या शिक्क्यावरून. नवीन संग्राहक मात्र या शिक्क्याला तिकीट खराब करणारा डाग समजतो आणि कमीत कमी शिक्का असलेलं तिकीट शोधत बसतो. माझं स्पष्ट मत असं आहे की सुरुवात करणाऱ्याने मुद्दाम ठसठशीत शिक्क्याची, दिसायला साधी, स्वस्त तिकिटं घ्यावीत. एका महागड्या पेनी ब्लॅकपेक्षा, म्हणजे पेनी रेडच्या आधीच्या काळ्या तिकिटापेक्षा, अशी पन्नास पेनी रेड तुम्हाला जास्त शिकवतील.

हा लेख १८४० ते साधारण १८६० या काळातल्या शिक्क्यांपुरता आहे. संग्राहकांच्या बोलण्यात याला ‘कॅन्सलेशन’ म्हणतात. मी इथे शिक्का हाच शब्द वापरतो.

मुळात हा शिक्का आला कशाला?

१० जानेवारी १८४० पासून ब्रिटनमध्ये अर्ध्या औंसापर्यंतचं पत्र देशात कुठेही एका पेनीत जाऊ लागलं. त्याआधी अंतर आणि कागदाचे ताव मोजून पैसे घेतले जात आणि बहुतेक वेळा ते पत्र घेणाऱ्यालाच भरावे लागत. आता पाठवणाऱ्याने आधी पैसे भरायचे होते. न भरता पाठवलं तर दुप्पट, म्हणजे दोन पेन्स, घेणाऱ्याकडून वसूल होत. आपल्याकडे जुनी माणसं ज्याला ‘बेरंग पत्र’ म्हणायची, तोच प्रकार. आधी पैसे भरल्याची खूण म्हणून तिकीट आलं. पेनी ब्लॅक १ मे १८४० ला विक्रीला आलं आणि ६ मेपासून चालू लागलं.

तिकीट आलं तशी टपाल खात्याला एक भीती वाटू लागली : लोक ते सोडवून पुन्हा चिकटवतील. म्हणून प्रत्येक तिकिटावर शिक्का मारून ते बाद करायचं ठरलं. इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. या शिक्क्याचं काम तिकीट बाद करणं एवढंच होतं. गावाचं नाव आणि तारीख सांगायला वेगळा शिक्का होता आणि तो सहसा पत्राच्या मागच्या बाजूला मारला जाई. पुढे आपल्याला जी काही कसरत करावी लागते, तिचं मूळ या दोन शिक्क्यांच्या फारकतीत आहे.

टेबलावर काय हवं?

दहा पट मोठं दाखवणारं भिंग, चपट्या टोकांचा चिमटा, मऊ शिसपेन्सिल आणि एक वही. स्कॅनर असेल तर उत्तम, नसेल तर मोबाइलचा कॅमेरा चालेल. पाण्याची वाटी मात्र या टेबलापासून दूर ठेवा. आजचं तिकीट पाकिटावरून सोडवायला आपण पाण्यात टाकतो, ती सवय इथे घातक आहे. सुरुवातीची लाल शाई कच्ची होती. आणि तिकीट अजून पत्रावर चिकटलेलं असेल तर ते सोडवायचंच नाही. का, ते पुढे येईल.

एक उपयोगी युक्ती सांगतो. पेनी रेडवरचा काळा शिक्का तिकिटाच्या नक्षीत हरवून जातो. अशा वेळी तिकीट रंगीत स्कॅन करा आणि फोटो दुरुस्त करायच्या कुठल्याही साध्या प्रोग्रॅममध्ये फक्त लाल चॅनल उघडा. तिकिटाचा तांबडा रंग फिकट होऊन जवळजवळ नाहीसा होतो आणि काळ्या शाईचे पट्टे, आकडा, अर्धवट उठलेली कडा ठळकपणे समोर येते. पहिल्यांदा हे केलं तेव्हा ज्या तिकिटावर मला नुसता काळा ठिपका दिसत होता, त्यावर तीन आकडे स्वच्छ वाचता आले.

पहिली पायरी : तिकिटाचं वय ठरवा

शिक्क्याकडे वळण्याआधी तिकीट कोणत्या वर्षांतलं आहे ते बघा, म्हणजे कोणता शिक्का शक्य आहे आणि कोणता नाही हे आपोआप ठरतं. काळं तिकीट म्हणजे १८४० किंवा १८४१ ची छपाई. तांबडं, पण कडेला छिद्रं नसलेलं, कात्रीने कापलेलं तिकीट म्हणजे फेब्रुवारी १८४१ नंतरचं. १८५४ पासून छिद्रं आली. चारही कोपऱ्यांत अक्षरं असलेलं पेनी रेड १८६४ नंतरचं, त्याआधी अक्षरं फक्त खालच्या दोन कोपऱ्यांत असत.

पेनी रेडचा कागद निळसर दिसला तर घाबरू नका. छपाईच्या शाईतल्या रसायनामुळे तो तसा झालेला आहे, ओल लागून नव्हे.

दुसरी पायरी : क्रॉस की आकडा?

मे १८४० ते १८४४ या काळातला शिक्का म्हणजे ‘माल्टीज क्रॉस’. साधारण १९ मिलिमीटर व्यासाची, चार पाकळ्यांची नक्षी, बाहेर एक वळणदार रेघ आणि आत दुसरा क्रॉस. हे नाव संग्राहकांनी पाडलेलं आहे. माल्टाचा खरा क्रॉस वेगळा दिसतो, पण नाव इतकं रुळलंय की आता तेच वापरायचं. मे १८४४ पासून क्रॉसची जागा आडव्या पट्ट्यांमध्ये बसवलेल्या आकड्याने घेतली. काही गावांनी जुना क्रॉस त्यानंतरही थोडा काळ वापरला, पण छिद्रांच्या तिकिटावर क्रॉस दिसला तर आधी शंका घ्या.

तिसरी पायरी : क्रॉसचा रंग

सुरुवातीला शाई लाल होती. गावोगावच्या पोस्टमास्तरांना ती कशी बनवायची याची कृतीच पाठवली होती : छापखान्याची लाल शाई एक पौंड, जवसाचं तेल एक पिंट, ऑलिव्ह तेलाचा निथळ अर्धा पिंट, सगळं नीट घोटून घ्यायचं. आता विचार करा, शेकडो गावं, प्रत्येकाने आपापल्या हाताने शाई घोटलेली. म्हणून लाल क्रॉसच्या छटा केशरीपासून वाइनच्या रंगापर्यंत पसरलेल्या दिसतात. नवीन माणूस प्रत्येक छटेला वेगळं नाव देऊन दुर्मीळ समजू लागतो. तसं करू नका. जवसाचं तेल जुनं होतं तसं काळपट होतं, कागद उन्हात राहिला तर रंग उडतो. लाल म्हणजे लाल, इतकंच सुरुवातीला पुरे.

लाल शाई पुसली जात होती आणि लोक तिकीट धुऊन पुन्हा वापरतील ही भीती खरी ठरू लागली. काळी शाई जास्त पक्की, पण काळ्या तिकिटावर काळा शिक्का दिसणार कसा? म्हणून फेब्रुवारी १८४१ मध्ये दोन्ही गोष्टी एकदम उलटल्या : तिकीट तांबडं झालं आणि शिक्का काळा. यातून नवशिक्याला उपयोगी पडेल असा हिशेब निघतो. काळ्यावर लाल आणि तांबड्यावर काळा या जोड्या नेहमीच्या. काळ्यावर काळा म्हणजे बहुतेक वेळा १८४१ मध्ये शिल्लक साठा वापरलेला. तांबड्यावर लाल ही जोडी कमी सापडते, कारण ती होण्याची मुदतच फार थोडी होती.

निळा, जांभळा, पिवळा असे क्रॉसही आहेत. ते खरोखर दुर्मीळ आहेत, म्हणूनच त्यांच्या नकला सर्वांत जास्त होतात. पहिली दोन वर्षं त्यांच्या वाटेला जाऊ नका.

चौथी पायरी : गावाचा क्रॉस, आणि इथली मोठी चूक

क्रॉसचे ठसे हाताने घडवलेले होते. त्यामुळे कुठे आतली रेघ जाड, कुठे कोपरा तुटका, कुठे पाकळीचं टोक वेगळं वळलेलं. काही गावांचे ठसे तर इतके निराळे आहेत की त्यांना स्वतःची ओळख मिळाली आहे. मँचेस्टरच्या एका ठशात पाकळ्यांची टोकं माशाच्या शेपटीसारखी दिसतात आणि त्याला त्याच नावाने ओळखतात. इंग्लंडमधली नॉर्विच, लीड्स, यॉर्क, वॉटन-अंडर-एज, स्कॉटलंडमधली किलमार्नॉक आणि केल्सो, आयर्लंडमधली मलिंगर आणि हॉलीमाउंट, अशी बरीच नावं या यादीत आहेत. हॉलीमाउंट किंवा वॉटन-अंडर-एज ही काही मोठी शहरं नव्हेत. त्या छोट्या गावांची नावं आज जगभरचे संग्राहक आदराने घेतात ती या एका ठशामुळे, आणि मला ही गोष्ट फार आवडते.

पण नेमका इथेच माणूस घसरतो. एक सुटं तिकीट हातात येतं, क्रॉसची एक पाकळी जरा विचित्र दिसते, आणि आपण कॅटलॉगमधल्या चित्राशी जुळवून गाव जाहीर करून टाकतो. क्षणभर तो पोस्टातला कारकून डोळ्यांसमोर आणा. समोर पत्रांची चळत, ठसा शाईत बुडवायचा आणि मारत सुटायचं. शाई जास्त झाली तर आतल्या रेघा भरून जातात. ठसा तिरका पडला तर एक बाजू जाड, दुसरी गायब. ठसा झिजला की टोकं बोथट होतात. एकाच ठशाचे शंभर उमटे घेतले तर त्यात तुम्हाला चार गावं ‘सापडतील’.

म्हणून नियम असा : गावाचा पुरावा पत्र देतं, सुटं तिकीट देत नाही. त्या काळी पाकिटं कमी आणि घडी घालून लाखेने बंद केलेले कागद जास्त वापरात होते. अशा पूर्ण घडीपत्राच्या मागे गावाच्या नावाचा आणि तारखेचा शिक्का असतो. पुढे क्रॉस, मागे गाव आणि तारीख, आणि क्रॉसची शाई तिकिटावरून खालच्या कागदावर उतरलेली, असे तिन्ही धागे जुळले तर तो क्रॉस त्या गावाचा. कागदावर उतरलेल्या शिक्क्याला संग्राहक ‘तिकीट बांधलेलं आहे’ असं म्हणतात. तिकीट पत्रावरून सोडवलंत तर हा सगळा पुरावा तुम्ही तुमच्याच हाताने नष्ट करता. मघाशी पाण्याची वाटी दूर ठेवायला सांगितली ती यासाठी.

एक सोपा अपवाद आहे. क्रॉसच्या बरोबर मध्ये १ ते १२ यांपैकी आकडा दिसला तर तो लंडनच्या मुख्य कार्यालयातला, १८४३-४४ मधला. इथे सुट्या तिकिटावरूनही जागा सांगता येते.

पाचवी पायरी : पट्ट्यांचा बाह्याकार

आता या लेखाचा गाभा. १८४४ मध्ये जे आकड्यांचे शिक्के आले, त्यांत प्रत्येक गावाला क्रमांक दिला गेला. पण इंग्लंड-वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांची यादी स्वतंत्र होती आणि तिन्ही याद्या १ पासून सुरू होत होत्या. म्हणजे एकच आकडा तीन ठिकाणी. गोंधळ होऊ नये म्हणून शिक्क्याचा आकार वेगळा ठेवला. इंग्लंड आणि वेल्सचे पट्टे मिळून लंबगोल होतो. स्कॉटलंडचे पट्टे मिळून आयत होतो. आयर्लंडचे पट्टे मिळून शंकरपाळ्यासारखा चौकोन होतो.

वाचायला सोपं आहे. अडचण अशी की शिक्का क्वचितच पूर्ण तिकिटावर बसतो. अर्धा तिकिटावर, अर्धा पत्रावर, आणि पत्र कधीच कचऱ्यात गेलेलं. माझं असंच झालं होतं. एका पेनी रेडवर ६२ हा आकडा स्पष्ट होता, वर तीन पट्टे, खालची बाजू कापली गेलेली. मी इंग्लंडची यादी उघडली, ६२ समोरचं गाव बघितलं आणि वहीत नोंदवून मोकळा झालो. ती नोंद वर्षभर तशीच होती. एकदा सहज भिंगाखाली धरलं तेव्हा पट्ट्यांच्या टोकांकडे लक्ष गेलं. सर्वांत वरचा पट्टा आखूड, त्याखालचा थोडा लांब, त्याखालचा तेवढाच आणखी लांब. तिन्ही टोकांवरून पट्टी ठेवली तर सरळ तिरकी रेघ येत होती. ही लंबगोलाची कड नव्हे, शंकरपाळ्याची कड होती. शंकरपाळ्यातला ६२ म्हणजे बेलफास्ट.

तेव्हापासून मी हीच चाचणी करतो आणि तुम्हीही करा. आकडा वाचायचा नाही, आधी पट्ट्यांची टोकं बघायची. सगळ्या पट्ट्यांची लांबी सारखी असेल तर स्कॉटलंड. टोकं सरळ तिरक्या रेघेत असतील तर आयर्लंड. टोकं वळणावर असतील, म्हणजे वरच्या दोन पट्ट्यांत फरक मोठा आणि मधल्या पट्ट्यांत कमी, तर इंग्लंड किंवा वेल्स. दोनच पट्टे दिसत असतील तर कुठलंही उत्तर देऊ नका, वहीत प्रश्नचिन्ह ठेवा. प्रश्नचिन्ह ठेवायला लाज वाटू देऊ नका. चुकीच्या नावापेक्षा ते केव्हाही बरं.

सहावी पायरी : आता आकडा

आकार ठरला की आकडा वाचा. सुरुवातीच्या याद्या गावांच्या इंग्रजी नावांच्या वर्णक्रमाने केलेल्या होत्या, आणि हे कळलं की अर्धवट आकडाही बोलू लागतो. इंग्लंडच्या लंबगोलात ५३ म्हणजे बाथ, ७५ बर्मिंगहॅम, १३२ ब्रायटन, १३४ ब्रिस्टल, ४४७ लीड्स, ४६६ लिव्हरपूल, ४९८ मँचेस्टर, ६०३ ऑक्सफर्ड, ९३० यॉर्क. चॅनेल बेटंही याच यादीत होती : ३२४ गर्न्सी, ४०९ जर्सी. स्कॉटलंडच्या आयतात १ म्हणजे अ‍ॅबर्डीन, ११४ डंडी, १३१ एडिंबरा, १५९ ग्लासगो. आयर्लंडच्या शंकरपाळ्यात ६२ बेलफास्ट, १५६ कॉर्क, १८६ डब्लिन.

समजा लंबगोल शिक्क्यात ४ हा पहिला आकडा दिसतो, शेवटचा ७ दिसतो, मधला पुसला आहे. ४४७ असेल तर लीड्स, पण तिथे ४१७, ४६७, ४९७ यांपैकी काहीही असू शकतं. वर्णक्रमामुळे इतकं नक्की सांगता येतं की गावाचं नाव इंग्रजी वर्णमालेच्या मधल्या पट्ट्यातलं आहे. पत्राचा तुकडा शिल्लक असेल तर तेवढ्यावरूनही पुढे जाता येतं. नंतर उघडलेल्या कार्यालयांना मात्र उरलेले किंवा पुढचे क्रमांक मिळाले, त्यामुळे वर्णक्रमाचा आधार त्यांना लागू नाही. बंद झालेल्या कार्यालयाचा क्रमांक दुसऱ्याला दिल्याचंही दिसतं. म्हणून यादी बघताना गावासमोरची वर्षंही बघत जा आणि तिकिटाच्या वयाशी जुळवा. पहिली पायरी पुन्हा कामाला येते ती अशी.

आकड्याआधी अक्षर दिसलं तर ते पत्र बहुधा ब्रिटनबाहेरच्या कार्यालयातलं. ए०१ म्हणजे जमैकातलं किंग्स्टन, ए२५ माल्टा, ए२६ जिब्राल्टर, बी०१ इजिप्तमधलं अलेक्झांड्रिया. नुसतं सी असेल तर कॉन्स्टँटिनोपल.

इथे आपल्याकडच्या संग्राहकांनी एक काळजी घ्यायला हवी. हिंदुस्थानातली तिकिटं १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर सुरू झाली. त्याआधी १८५२ मध्ये बार्टल फ्रिअर यांनी सिंधमध्ये तिकीट काढलं होतं. हेच फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले. इथल्या टपालानेही पट्ट्यांमधल्या आकड्यांची पद्धत उचलली, पण क्रमांकांची यादी पूर्ण वेगळी. एडनचंच उदाहरण घ्या. एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले, तिथे हिंदुस्थानचीच तिकिटं वापरात होती आणि तिथला आकडा होता १२४, पुढे बी-२२. यातला ‘बी’ मुंबई सर्कलचा. अलेक्झांड्रियाच्या ‘बी’शी त्याचा काही संबंध नाही. मुंबई-पुण्याच्या जुन्या संग्रहांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी सापडतात. म्हणून आधी तिकीट कोणत्या देशाचं ते बघायचं, मगच यादी उघडायची.

सातवी पायरी : लंडनचा वेगळा संसार

लंडनचा शिक्का इतर इंग्लंडसारखा नाही. देशभरचं टपाल बघणाऱ्या शाखेच्या शिक्क्यात आकडा छोट्या शंकरपाळ्यात बसवलेला असतो, शहरातलं टपाल बघणाऱ्या शाखेच्या शिक्क्यात तो छोट्या वर्तुळात. आतला शंकरपाळा पाहून आयर्लंड म्हणायची चूक इथे सहज होते. लक्षात ठेवा, आयर्लंडमध्ये पट्ट्यांचा *बाह्याकार* शंकरपाळ्याचा असतो. १८५७-५८ मध्ये लंडनचे दहा टपाल विभाग पडले आणि शिक्क्यात ईसी, डब्ल्यूसी, एसडब्ल्यू अशी विभागाची अक्षरं आली. यातली बहुतेक अक्षरं आजही लंडनच्या पत्त्यांत आहेत. तुमची मुलगी किंवा भाऊ लंडनला राहत असेल तर त्यांच्या पोस्टकोडची पहिली अक्षरं बघा, दीडशे वर्षांपूर्वीच्या पेनी रेडवर तीच सापडण्याची शक्यता आहे.

आठवी पायरी : दुहेरी शिक्के

१८५३ पासून एक सोय झाली. डावीकडे गाव-तारखेचं वर्तुळ आणि उजवीकडे आकड्याचा पट्टेदार ठसा, दोन्ही एकाच दांड्याला. एका फटक्यात तिकीटही बाद आणि तारीखही पुढच्या बाजूला. सुरुवातीचे असे काही ठसे चमच्यासारखे दिसतात, म्हणून संग्राहक त्यांना ‘स्पून’ म्हणतात. इंग्लंडमध्ये आणि आयर्लंडमध्ये ते आढळतात.

तारीख स्पष्ट उठणं किती महत्त्वाचं होतं हे १८५७ च्या एका खटल्याने सगळ्यांना दाखवलं. ग्लासगोच्या मॅडलिन स्मिथवर तिचा प्रियकर एमिल लाँजेलिए याला विष घातल्याचा आरोप होता. तिने त्याला लिहिलेली पत्रं हाच मुख्य पुरावा, आणि कोणतं पत्र कधी पोचलं यावर सगळं अवलंबून. पत्रांवरचे टपालाचे शिक्के धड वाचताच येईनात. एडिंबराच्या न्यायालयात निकाल लागला तो ‘आरोप सिद्ध झालेला नाही’ असा. त्यानंतरच्या काळात ग्लासगोत आलेल्या दुहेरी शिक्क्याला संग्राहक आजही ‘मॅडलिन स्मिथ’ म्हणतात. आयतातला १५९ आणि शेजारी ग्लासगोचं तारखेचं वर्तुळ दिसलं की हे नाव आठवा.

एडिंबराने १८६३ पासून दहा वर्षं आणखी देखणा ठसा वापरला. १३१ भोवती किरणांसारख्या रेघा, तारा झाल्यासारखा. त्याला ‘ब्रन्सविक स्टार’ म्हणतात. तो एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही. आणि स्कॉटलंडमधल्या लहान गावांनी १८५४ ते १८६० च्या सुमारास, नियमात बसत नसताना, आपल्या नावाचा साधा ठसाच तिकिटावर मारला. गावाचं नाव थेट तिकिटावर, कसलीही यादी नको. वरिष्ठांनी ते थांबवलं, पण आपल्यासाठी तेवढ्यात सुंदर तिकिटं तयार झाली.

विकत घेताना

आकड्याचा शिक्का असलेलं साधं पेनी रेड आजही स्वस्त आहे, कारण ती अब्जावधींनी छापली गेली. एकेक निवडून घेण्यापेक्षा शंभर मिश्र तिकिटांचा गठ्ठा घ्या आणि आधी फक्त तीन ढीग करा : लंबगोल, आयत, शंकरपाळा. आयर्लंडचा ढीग सर्वांत लहान होईल, तेव्हा तो सांभाळून ठेवा.

महाग वस्तूसाठी मात्र थांबा. मला एका विक्रेत्याने निळ्या क्रॉसचं पेनी ब्लॅक दाखवलं होतं. भिंगाखाली तिकिटाला एक जुनी घडी दिसली, आणि त्या घडीत कागदाचा जो पांढरा तंतू उघडा पडला होता, त्यावरही निळी शाई बसलेली होती. घडी पडली वापरानंतर, मग शिक्क्याची शाई घडीच्या आत कशी? म्हणजे शिक्का नंतर मारलेला. मी तिकीट परत ठेवलं. खोटेपणा असाच शोधायचा असतो : शाई आणि कागदाची इजा यांत आधी काय घडलं ते बघत जायचं. घडीपत्र असेल तर तिकिटावरच्या अर्ध्या क्रॉसच्या रेघा कागदावरच्या अर्ध्याशी नेमक्या जुळतात का ते भिंगाने तपासा. केसाएवढी तफावतही पुरे, तिकीट दुसरीकडून आणून चिकटवलेलं असतं. मोठी रक्कम गुंतत असेल तर तज्ज्ञ समितीचं प्रमाणपत्र असलेलीच वस्तू घ्या. लंडनच्या रॉयल फिलाटेलिक सोसायटीची अशी समिती १८९४ पासून हे काम करते आहे.

नोंद कशी ठेवायची

प्रत्येक तिकिटाखाली पेन्सिलीने तीन गोष्टी लिहा, आणि याच क्रमाने : आकार, आकडा, गाव. गावापुढे कंसात पुरावा. माझ्या वहीतली त्या जुन्या तिकिटाची नोंद आता अशी आहे : ‘शंकरपाळा, वरचे तीन पट्टे. ६२. बेलफास्ट (आकारावरून, पत्र नाही). तिकीट छिद्रांविना, १८५४ पूर्वी.’ शेजारी आधीची चुकीची नोंदही एक आडवी रेघ मारून तशीच ठेवली आहे, खोडरबर लावलेलं नाही. कधीतरी हे तिकीट दुसऱ्याच्या हाती जाईल, तेव्हा मी कुठून कुठे पोचलो हे त्याला दिसायला हवं.